एक्क्याऐंशीव्या मिनिटाला कोरलेलं नाव

आमच्या यांना घाई आवडत नाही, असं ते स्वतः सगळ्यांना सांगतात. माझा अनुभव वेगळा आहे. कुणाकडे जेवायला जायचं असेल तर हे तासभर आधी बूट घालून दारात उभे असतात. डॉक्टरकडे जायचं असेल तर दवाखान्याचं कुलूप उघडायला आलेल्या बाईंना आधी यांचंच दर्शन घडतं. उशीर होणं हा यांच्या लेखी गुन्हा आहे, आणि या एका गोष्टीपायी आमच्या घरात जे रामायण झालं ते मी सांगते आहे. हे सांगायला बसले तर निम्म्या गोष्टी गाळतील.

आमचं नावं कोरण्याचं दुकान आहे. दारावरच्या पाट्या, अंगठ्या, पेनं, निवृत्त होणाऱ्यांची घड्याळं, सगळ्यांवर हे नाव घालून देतात. पण वर्षातलं मानाचं काम एकच, कॉलेजांच्या फुटबॉल स्पर्धेचा करंडक. हा करंडक भरीव चांदीचा आहे, आणि त्यावर विजेत्याचं नाव थेट अंगावर कोरायचं असतं, पट्टीबिट्टी चिकटवायची नाही. शिवाय इथली पद्धत अशी की जिंकलेल्या संघाच्या कप्तानानं करंडक हातात घेतला की आधी त्यावरचं ताजं नाव मोठ्यानं वाचायचं आणि मगच तो डोक्यावर उचलायचा. म्हणजे शेवटची शिट्टी आणि बक्षीस समारंभ यांच्यामध्ये जी काही पाच-सात मिनिटं मिळतात, तेवढ्यात नाव तयार हवं.

पाच-सात मिनिटांत दोन शब्द कोरून होत नाहीत. पण पाहुण्यांना कधी ताटकळावं लागलं नाही, यासाठी आमच्या यांची ख्याती आहे. क्रीडा सचिव दरवर्षी भाषणात यांच्या हाताच्या वेगाचं कौतुक करतात आणि हे मान खाली घालून ऐकतात. मान खाली घालायलाच हवी, कारण त्यात लबाडी आहे. ऐंशी मिनिटं झाली आणि एखादा संघ दोन गोलांनी पुढे असला की हे सरळ त्याचं नाव घालायला घेतात. एकवीस वर्षांत एकदाही फसले नव्हते. हे गुपित फक्त मला ठाऊक होतं, कारण त्या लबाडीत माझाही हात आहे. किंबहुना दोन्ही हात आहेत.

करंडक गोल, त्यामुळे तो घरंगळतो. वाळू भरलेल्या कातडी उशीवर तो आडवा ठेवायचा आणि कुणीतरी दोन्ही हातांनी घट्ट धरायचा, तेव्हा कुठे कोरणी चालते. ते कुणीतरी म्हणजे मी. यांना उजेड पाठीमागून आणि डावीकडून लागतो, म्हणून हे मैदानाकडे पाठ करून बसतात. मी समोर बसते, त्यामुळे यांच्या डोक्यावरून मला सगळं मैदान दिसतं. गोल किती झाले ते मी सांगायचं आणि हे कोरायचं. एकवीस अंतिम सामन्यांना हजर राहून यांनी एकही पाहिलेला नाही.

यंदा मात्र आमच्या घरातलंच माणूस मैदानात होतं. आमचा मुलगा तंत्र महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. उंची भरपूर आणि रुंदी नावाला, म्हणून संघात त्याला शिडी म्हणतात. बचावफळीत खेळतो. बरा खेळतो, असं मी म्हणते. हे काहीच म्हणत नाहीत. यांचा स्वभावच तसा. कोरून, घासून, पुसून झाल्याशिवाय वस्तूला चांगलं म्हणायचं नाही. हा नियम चांदीला ठीक आहे. पोटच्या पोरालाही तोच लावायचा म्हटलं की आईनं मध्ये पडायचं कितीदा?

सामन्याच्या दिवशी सकाळी शिडी चहा पिता पिता म्हणाला, "बाबा, आज तरी बघा."

"दरवर्षी असतोच की मी तिथे," हे म्हणाले.

"तुम्ही करंडक बघता. मी मॅच बघा म्हणतोय. यानंतर मी कुठे खेळणार आहे? पुढच्या महिन्यात नोकरीवर जाईन."

आता इथे एखाद्या माणसानं "बघतो रे" म्हणून विषय संपवला असता. आमचे हे हत्यारांची पिशवी तपासत म्हणाले, "तुम्ही अंतिम सामन्यापर्यंत आलात तेच खूप झालं. वाणिज्यवाले चार वर्षं हरलेले नाहीत."

मुलानं कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच होता. "बरं," एवढंच म्हणाला आणि बॅग उचलून गेला. तो बरं म्हणाला की काहीच बरं नसतं. आदळआपट केली असती तर मला चाललं असतं. पण त्याच्या चेहऱ्यावर असं होतं, की आता यापुढे विचारायचंच नाही. मुलं घर सोडून जातात ती नोकरीसाठी. पण परत यावंसं वाटणं न वाटणं अशाच एखाद्या सकाळी ठरत असावं.

"अहो, काय बोललात हे?" मी म्हटलं.

"खोटं आहे का?" हे म्हणाले. आणि मग बूट घालून दारात उभे राहिले. सामना दुपारी होता.

मैदानात आमचं टेबल नेहमीच्या जागी, मधल्या रेषेजवळ दोरीच्या अलीकडे. सामना सुरू झाला आणि यांचं म्हणणं खरं ठरणार असं दिसायला लागलं. वाणिज्यची पोरं तुकतुकीत, एका मापाची; आमची म्हणजे मिळतील तेवढी गोळा केलेली. विसाव्या मिनिटाला एक गोल खाल्ला, मध्यंतरानंतर दुसरा. शिडी धावत होता, पडत होता, उठत होता. दर थोड्या वेळानं आमच्या टेबलाकडे नजर टाकत होता, आणि त्याला दिसत होती ती यांची पाठ.

"किती?" यांनी विचारलं.

"दोन-शून्य," मी म्हटलं. "अजून वेळ आहे."

"कितवं मिनिट?"

मला खोटं बोलता आलं असतं. "एक्क्याऐंशी," मी म्हटलं.

यांनी भिंग डोळ्याला लावलं, कोरणी उचलली आणि मी करंडक धरला. हात माझे स्वतःचेच होते, पण त्यांचा राग येत होता. आठ मिनिटांत 'वाणिज्य महाविद्यालय' तयार. अक्षरं सुबक, ओळ सरळ. यांनी फुंकर मारून चांदीचा कीस उडवला आणि तंत्र महाविद्यालयानं गोल केला.

मी म्हटलं, "दोन-एक."

"होतं असं शेवटी शेवटी," हे म्हणाले आणि पाण्याची बाटली उघडली.

वाया गेलेला वेळ म्हणून रेफरीनं चार मिनिटं जास्त दिली. त्यातल्या तिसऱ्या मिनिटाला आमच्या ठेंगण्या कप्तानानं चार जणांच्या पायांतून बॉल काढला आणि जाळ्यात घातला. पलीकडे आमची पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. अलीकडे आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. यांच्या तोंडातलं पाणी गिळायचं राहिलं होतं.

"दोन-दोन," मी म्हटलं. खरं तर सांगायची गरज नव्हती, पण एकवीस वर्षांत पहिल्यांदाच आकडा सांगायला मजा आली. तेवढ्यात क्रीडा सचिव आमच्या बाजूला येताना दिसले. मी चटकन करंडकावर फडकं टाकलं.

"जादा वेळ खेळवणार," सचिव म्हणाले. "पंधरा-पंधरा मिनिटं. तुमची तयारी आहे ना?"

"पूर्ण," हे म्हणाले. तयारी पूर्ण होती यात शंकाच नव्हती.

सचिव गेल्यावर मी विचारलं, "आता काय?"

"आता काय म्हणजे? बघू. वाणिज्यवाले जिंकतीलच." आवाज मात्र नेहमीचा नव्हता. कोरलेलं नाव पुसता येत नाही असं लोकांना वाटतं. पुसता येतं. पात्यानं खरवडायचं, बारीक दगडानं घासायचं, मग पोलादी कांडीनं घोटून चमक आणायची. पण तेवढी चांदी जाते आणि तिथे उथळ खळगा राहतो. तो डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागतो. आणि वेळ लागतो भरपूर. एकदा पुसायला घेतलं की ते नाव गेलं, मग जिंकणारे तेच असले तरी हाती काही नाही. म्हणून हे हाताची घडी घालून बसले. करण्यासारखं काहीच नव्हतं. आणि करण्यासारखं काही नसल्यामुळेच यांनी खुर्ची उचलली, वळवली आणि मैदानाकडे तोंड करून बसले.

मी करंडकावरचं फडकं सारखं करत बसले. बोलले असते तर पुन्हा फिरवली असती.

आठ मिनिटं यांनी सामना पाहिला. बॉल शिडीकडे आला. आजूबाजूला कुणी नव्हतं, सावकाश कुणाला तरी द्यायचा होता. त्यानं सवयीनं आमच्या टेबलाकडे नजर टाकली. आणि त्याला पाठ दिसली नाही, वडिलांचं तोंड दिसलं. बिचारा बघतच राहिला. किती वेळ, तर पापणी लवेपर्यंत. पण तेवढ्यात वाणिज्यच्या एका पोरानं त्याच्या पायातला बॉल काढून नेला आणि गोल केला. तीन-दोन.

शिडी मैदानातच खाली बसला. कप्तानानं येऊन खांद्याला धरून उठवला तेव्हा उठला. उठल्यावर त्यानं पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याकडेच, आणि नेमके त्याच वेळी हे उठून खुर्ची परत फिरवत होते. त्याला पुन्हा पाठ दिसली. त्याच्या चेहऱ्याकडे माझ्यानं बघवेना.

"अहो, काय करताय? तो बघतोय," मी म्हटलं. खरोखरच चिडले होते मी.

"म्हणूनच," हे म्हणाले. "माझ्याकडे बघत होता तो. बॉल सोडून माझ्याकडे. धर तो करंडक."

"कशाला?"

यांनी पिशवीतून पातं काढलं होतं. भिंग डोळ्यावर चढवलं आणि 'वाणिज्य'च्या पहिल्या अक्षरावर पातं टेकवलं.

"अहो, तीन-दोन झालंय. ते पुढे आहेत," मी म्हटलं. यांना ऐकू आलं नसावं असं वाटलं म्हणून पुन्हा म्हटलं. "नाव बरोबर होतंय आता. कशाला पुसताय?"

"हलवू नकोस."

"आणि तेच जिंकले तर? सगळ्यांसमोर रिकामा करंडक देणार का?"

"देईन," हे म्हणाले. "हलवू नकोस म्हटलं ना."

बावीस वर्षांत ज्यांनी खात्री असल्याशिवाय रेघ ओढली नाही, ते माझे नवरोजी खात्रीचं नाव खरवडून काढत होते. खरवडताना कपाळावरचा घाम नाकावर आला, नाकावरून करंडकावर पडला, तरी पुसला नाही. यांच्यावर मी वर्षानुवर्षं वैतागले आहे, पण त्या क्षणी मला यांचं फार प्रेम वाटलं, ते सांगून टाकते. बोलले मात्र एवढंच, "डावीकडे अजून काना दिसतोय."

'महाविद्यालय' तसंच ठेवलं, कारण महाविद्यालय दोघांचंही होतं. तेवढं काम वाचलं.

दुसरी पंधरा मिनिटं सुरू झाली. हे दगडानं घासायला लागले होते तेव्हा आमच्या कप्तानानं लांबून मारलेला बॉल खांबाला लागून आत गेला. तीन-तीन. मी सांगितलं. यांनी हुं केलं आणि घोटायची कांडी घेतली. ती जागा लखलखीत झाली तेव्हा सामना संपायला चार-पाच मिनिटं उरली होती. मला वाटलं आता तरी थांबतील. बरोबरी सुटली नाही तर पेनल्टीवर जाणार, आणि पेनल्टीत कुणाचं काय होईल ते देव जाणे. पण यांनी कोरणी उचलली आणि 'तंत्र'चं पहिलं अक्षर घालायला घेतलं.

"आता हे पुसावं लागलं तर?" मी विचारलं.

"लागणार नाही."

आणि मग तो कॉर्नर मिळाला. उंच म्हणून शिडीलाही पुढे पाठवलं. बॉल आला, दहा-बारा डोकी एकदम वर उठली, त्यांत एक सगळ्यांत उंच होतं. आता खरं सांगायचं तर त्यानं डोकं मारलं असं म्हणता येणार नाही. तो भलतीकडेच बघत होता आणि बॉल येऊन त्याच्या कानावर आपटला. पण आपटला आणि जाळ्यात गेला. अख्खं मैदान उभं राहिलं.

मी उठले नाही. मला उठता येईना. यांची कोरणी चांदीत होती, दुसऱ्या अक्षराच्या मधोमध, आणि करंडक माझ्या हातात होता. मी तसूभर हलले असते तर आरपार ओरखडा गेला असता. माझ्या पोरानं अंतिम सामन्यात गोल केला आणि मी त्याची आई श्वास रोखून पुतळा बनून बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं तेही जपून येऊ देत होते.

"किती?" मान वर न करता यांनी विचारलं.

"चार-तीन," मी म्हटलं. "आपल्या शिडीचा."

कोरणी थांबली. अगदी जरा थांबली. मग यांनी अक्षर पुरं केलं, फुंकर मारली, आणि शिट्टी वाजली.

सचिव धावत आले, करंडक बघितला आणि कपाळाला हात लावला. "कमाल आहे तुमची. एवढा अटीतटीचा सामना, आणि शिट्टीला नाव तयार? तुमचा हात बावीस वर्षांत कधी मागे पडला नाही हो." भाषणातही त्यांनी हेच सांगितलं. हे मान खाली घालून ऐकत होते, आणि मी यांच्या पायावर पाय दिला.

कप्तानानं नाव मोठ्यानं वाचलं, करंडक उचलला, आणि मग तो हातोहात फिरत शिडीकडे आला. त्याचा एक कान टोमॅटोसारखा लाल झाला होता. करंडक घेऊन तो आमच्या टेबलाकडे आला, पण यांच्याकडे न बघता माझ्याकडे आला. "आई, बघ," म्हणाला. मी त्याच्या कानाला हात लावला तर ओरडला.

बोलता बोलता त्याचा अंगठा नावाच्या ओळीवरून फिरत होता. 'तंत्र' आखूड शब्द, 'वाणिज्य'पेक्षा बरीच कमी जागा घेतो. त्याच्या अलीकडच्या रिकाम्या चांदीवर अंगठा आला आणि थांबला. दोन वर्षं सुट्ट्यांमध्ये वडिलांनी हात धरून हेच काम शिकवलेलं. त्यानं तीच जागा पुन्हा चाचपली.

"इथे आधी काय होतं?" त्यानं विचारलं. या वेळी यांच्याकडे बघून.

हे हत्यारं पुसून पिशवीत भरत होते. मला वाटलं, थाप मारतील. "वाणिज्य," हे म्हणाले.

"कधी घातलंत?"

"एक्क्याऐंशीव्या मिनिटाला."

त्यानं मान हलवली. सकाळी कप खाली ठेवताना होता तसा चेहरा पुन्हा झाला. मी तोंड उघडणार होते, पण त्याचा अंगठा अजून त्या खळग्यावरच होता, आणि तो मनात काहीतरी हिशेब मांडत होता हे मला दिसलं.

"एवढं पुसायला वीस मिनिटं लागतात," तो सावकाश म्हणाला.

"सतरा," हे म्हणाले. तिथेही मोठेपणा सोडवला नाही.

"म्हणजे तुम्ही सुरू केलं तेव्हा..." तो थांबला. "बाबा, तेव्हा आम्ही मागे होतो. माझ्यामुळे."

"हो."

"मला वाटलं, लाज वाटली म्हणून पाठ फिरवलीत."

"तू बॉल सोडून माझ्याकडे बघत होतास," हे म्हणाले. "मी तोंड करून बसलो असतो तर परत बघितलं असतंस. आणि हे कोण पुसणार होतं?"

शिडीनं जर्सी वर ओढून तोंड पुसलं. घाम आलाय म्हणाला. यांनीही भिंग पुसायला घेतलं, जे आधीच पुसून झालं होतं. दोघंही अशा बाबतीत सारखेच आहेत, आणि दोघांनाही ते मान्य नाही.

"माझा गोल पाहिलात?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"नाही."

"अजिबात?"

"कोरणी चांदीत होती." यांनी पिशवीचा बंद बांधला, पिशवी खाली ठेवली, आणि खुर्ची मैदानाकडे फिरवून बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, काहीही न धरता. "दाखव," म्हणाले. "कसा झाला ते दाखव."

मग आमचा सहा फुटांचा घोडा रिकाम्या होत चाललेल्या मैदानावर गेला आणि बॉलशिवाय कॉर्नर घ्यायला लावला कप्तानाला. धावत आला, उडी मारली, पडला, उठला. हे म्हणाले, "परत." त्यानं परत दाखवलं. तिसऱ्यांदा दाखवला तेव्हा मध्ये दोन जणांना चुकवलं होतं आणि बॉल थेट कपाळाला लागला होता. हे पापणी न हलवता बघत होते. मी कानाबद्दल काही बोलले नाही.